डावीकडची जागा

तंजावूर,
जानेवारी १९९५

प्रिय चेतनराव,

लग्नानंतर पॅरिसहून भाड्याच्या मोटारीने जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगला जायचं, हा तुमचा बेत मद्रासहून पोचला. शर्यतीचा तो रस्ता डोंगरातून वळत वळत निघाल्या जागी परत येतो म्हणे! मला राहवेना. तुम्ही पाठवलेल्या नकाशावरून तोच आज दारात रांगोळीनं काढला. शेजारच्या शेषम्मा बघतच राहिल्या. “एकही ठिपका नाही, हा कसला कोलम? पण रेघ जुळली हो!”

तिकडे हॉर्न वाजवत नाहीत, हे खरं? मग वळणापलीकडच्याला कळतं कसं? निघताना चाकाखाली ठेवायला लिंबं मिळतील ना?

तुम्ही लिहिलंत, “मोटार मी चालवीन. तू रीतीप्रमाणे माझ्या डावीकडे बस.” बसेन की. रीत कशाला मोडू?

तिरुवैयारूच्या रस्त्यावर मी मोटार शिकले, परवानाही मिळाला, हे आईशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र टाकत नाही. तिकडच्या मोटारीत स्टिअरिंग डावीकडे असतं, हे तुम्हाला मोटारीचं दार उघडल्यावरच कळू दे.

तुमच्या डावीकडे बसणारी,
हरिता