खिडकीवर सांगायचं नाव

तेरेक-बुलाक
२ ऑक्टोबर २०१७

चि. इशेनबेक यास थोरल्या बहिणीचे, म्हणजे तुझ्या एजेचे, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि चहाचा पुडा मिनीबसवाल्या जुमाशनं पोचवला. फोनवर बोललं की मिनिटामिनिटाला पैसे उडतात आणि जुमाश पत्रं फुकट नेतो, हा तुझा शोध अजून तरी खरा ठरलाय. बाकीच्या शोधांबद्दल मात्र तुझा कान धरायचा आहे.

तू भाकरीच्या कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहिलेस, म्हणून तुझं ऐकलं. मार्चपासून आम्ही किटली लागेल तेवढीच भरतो. चहा एकदाच उकळायचा आणि थर्मासात ठेवायचा. विजेची भट्टी बंद, रोटी शेजारणीच्या तंदुरात. माझा मुलगा बेक्तुर रशियातून पैसे पाठवतो ते दर आठवड्याला थोडे थोडे न काढता महिन्यातून एकदाच काढतो, कारण बँक दर खेपेला आपला वाटा कापते. दिवे तर असे विझवतो की परवा अंधारात मी आपल्या खारट चहात मिठाऐवजी साखर घातली. माझ्या सुनेनं, मिरगुलनं, तो चहा तोंड वाकडं न करता पिऊन टाकला. दोन वर्षं झाली लग्नाला, पण त्या मुलीच्या मनात काय आहे ते मला अजून कळत नाही.

आता ऐक. एवढं सगळं करून काल वीजकचेरीचा माणूस लाल शिक्क्याचा कागद देऊन गेला. तीन हजार चारशे सोम भरा, नाहीतर पंधरा नोव्हेंबरला तार कापतो म्हणाला. दर महिन्याला मिरगुल बाजारातल्या खिडकीवर पैसे भरते, पावती आणून चुलीजवळच्या खिळ्याला अडकवते. मग हे तीन हजार आले कुठून? दोन बायकांनी असं काय जाळलं? जितकं वाचवावं तितकं बिल वाढतंय. माझं डोकं चालेनासं झालंय.

माया आहे तेवढी राहू दे, बिल तेवढं कमी कर.
तुझी एजे,
अनारकान


बिश्केक
८ ऑक्टोबर

ती. अनारकान एजेस धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मीही चक्रावलो. माझ्या उपायांनी बिल वाढल्याचं हे पहिलंच उदाहरण. बायको म्हणते की तुझे उपाय ऐकून आपलंही वाढलंय, फक्त मी तुला सांगितलं नाही. तिचं सोड.

मला दोन शंका आहेत. एक म्हणजे मीटर बिघडलंय. दुसरी म्हणजे कुणीतरी तुमच्या तारेवर आकडा टाकलाय. घरातलं सगळं बंद कर, भिंतीतून वायरीसुद्धा उपस आणि मीटरसमोर बसून राहा. चकती फिरली तर समज की चोर आहे. शेजारच्या तंदुरात रोटी भाजता ना? तिच्या घराकडे जरा लक्ष ठेव. फुकट तंदूर कोण देतं?

तोवर पैसे भरू नकोस. एकदा भरले की परत मिळत नाहीत. डोळ्यांना जप, आणि चष्म्याचा नंबर बदलून घे. त्यात काटकसर नको.

आशीर्वादाचा भुकेला,
इशेनबेक


तेरेक-बुलाक
१५ ऑक्टोबर

चि. इशेनबेकला आशीर्वाद. वि. वि. की चोर सापडला, पण तो शेजारी नाही.

तू सांगितलंस म्हणून दुपारभर स्टूल टाकून मीटरसमोर बसले. चकती ढिम्म हलली नाही. तेवढ्यात शेजारीण गरम रोटी घेऊन आली आणि विचारू लागली की भिंतीकडे तोंड करून काय करताय. तिच्याकडे बघायची मला लाज वाटली. ते पाप तुझ्या माथी.

मग खिळ्यावरच्या पावत्या काढल्या. अक्षरं मुंगीएवढी, म्हणून शाळामास्तरांकडे नेल्या. त्यांनी वाचल्या आणि माझ्याकडे बघतच राहिले. सातही पावत्यांवर वीजकचेरीचं नाव नाही (त्यांचे आकडे त्यांनी या कागदाच्या मागे उतरवून दिलेत). पैसे जमा झालेत ते मिरगुलच्या खात्यावर! फोनमधलं पाकिटासारखं खातं असतं म्हणे. मार्चपासून दर महिन्याला वीजबिलाचे पैसे माझ्या हातून घ्यायचे आणि स्वतःच्या नावावर टाकायचे. मी अंधारात चाचपडत होते, ते तिची गाठ भरावी म्हणून.

तिला विचारलं. मान खाली घालून म्हणाली की मी दर महिन्याला भरलेत. मग तुझं नाव कसं, तर खिडकीवरच्या मुलीनं नाव विचारलं. मी म्हटलं की जगात तुझ्याशिवाय दुसरं नाव नव्हतं का गं? तोंड लाल झालं आणि बादली घेऊन गोठ्यात गेली. खरं असतं तर माणूस बोललं नसतं का?

नवरा परदेशात, हातात पैसा, म्हणजे ही निघायच्या बेतात आहे, दुसरं काय. मी तिच्या बापाला निरोप धाडला आहे की येऊन मुलीला घेऊन जा. बेक्तुरला अजून कळवलेलं नाही. मला ती आवडायला लागली होती रे.

दुःखी एजे


बिश्केक
२० ऑक्टोबर

ती. एजेस सा. न. वि. वि.

घाई करू नकोस. बापाला बोलावलंयस, त्याला थांबायला सांग.

मी कागद पेन्सिल घेऊन बसलो. लाल शिक्क्याचा आकडा एका महिन्याचा नाहीच. सात महिन्यांची बाकी आहे ती. आणि मास्तरांनी वाचलेल्या सात पावत्यांची बेरीज कर, तीही तीन हजार चारशेच. सोमचाही फरक नाही. चोरी करणारं माणूस थोडंतरी बिल भरतं, नाहीतर वीज तुटून बिंग फुटतं. आणि चोरीची पावती घरात खिळ्याला कोण अडकवतं? सगळे पैसे जागेवर आहेत, फक्त चुकीच्या घरात जाऊन बसलेत. ते तिथे कसे गेले हे मात्र मला कळत नाही, एवढं कबूल करतो. पूर्वी मिरगुलच भरायची, तेव्हा नीट पोचत होते ना? मार्चमध्ये काय बदललं?

तू स्वतः खिडकीवर जा. तुमचं मीटर ज्या नावावर आहे ते नाव सांग आणि मार्चपासूनची यादी माग. दोन मिनिटांचं काम आहे.

रागावून काही करू नकोस. तुझा राग मी लहानपणी खाल्लाय, त्याची चव मला माहीत आहे.

तुझा,
इशेनबेक


तेरेक-बुलाक
३१ ऑक्टोबर

चि. इशेनबेक यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. जुमाशची गाडी आठ दिवस खिंडीत बंद पडून होती. शनिवारी मिरगुलचा बाप येऊन तिला घेऊन गेला. जाताना तिनं गाईची धार काढून ठेवली, माझ्या थर्मासात चहा भरला आणि वाकून निरोप घेतला. मी तोंड फिरवून बसले होते.

तुझं पत्र वाचून तशीच बाजारात गेले. खिडकीवर आता टोक्टोबुबू नाही. ती मार्चमध्ये म्हातारपणामुळे घरी बसली. तिला सगळी घरं तोंडपाठ होती. आपण पैसे पुढं करायचे, की ती आपणच वहीत लिहायची. आता तिथे शहरातली एक मुलगी यंत्रासमोर बसते. मी म्हटलं वीज. तिनं न बघताच विचारलं की मीटर कोणाच्या नावावर आहे.

इशेनबेक, माझं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

मीटर माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन बावीस वर्षं झाली, बदलायचं कुणाला सुचलं नाही. एकेचाळीस वर्षं मी या घरात आहे आणि ते नाव एकदाही माझ्या जिभेवर आलेलं नाही. घरातल्या वडील पुरुषाचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, हे मला शिकवलं माझ्या सासूनं आणि मिरगुलला शिकवलं मी. पहिल्याच आठवड्यात चांगलं दरडावून शिकवलं होतं.

मी त्या मुलीला सांगितलं की गिरणीजवळचं घर. ती म्हणाली, यंत्रात गिरणी नाही. मी म्हटलं, आमच्या ह्यांचे वडील. ती म्हणाली, ह्यांचं नाव सांगा. आता तेही कसं सांगू? मागं नऊ माणसं उभी, एक म्हातारा खोकून खोकून मला पुढं ढकलतोय. कानशिलं तापली. शेवटी ती मुलगी वैतागून म्हणाली की आजी, निदान तुमचं तरी नाव सांगा. आणि मी सुटकेचा श्वास टाकून सांगितलं, अनारकान. तिनं टकटक केलं, माझे तीनशे सोम घेतले आणि पावती दिली.

बाहेर येऊन मास्तरांना गाठलं. त्यांनी पावती वाचली. माझ्या नावाचं मीटर यंत्रात नव्हतं, म्हणून मुलीनं माझ्या नावावर तसलंच फोनमधलं खातं उघडलं होतं आणि त्यात तीनशे सोम जमा.

मी बाजारातच मालाच्या पोत्यावर बसले. त्या पोरीनं सात महिने माझंच ऐकलं रे. आणि मी विचारलं की जगात दुसरं नाव नव्हतं का. होतं. ते घ्यायला मीच मनाई केली होती. तिनं मला काय उत्तर द्यायचं? ते नाव घेऊन द्यायचं?

आता मी काय करू ते तूच सांग. मला काही सुचत नाही.

तुझी,
अनारकान


बिश्केक
३ नोव्हेंबर

ती. एजेस सा. न. वि. वि.

सोबत घडी करून चिठ्ठी ठेवली आहे. तीत तुझ्या सासऱ्यांचं नाव मी माझ्या हातानं लिहिलंय. तू उघडूही नकोस, खिडकीतून आत सरकव. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जातील, पण त्यासाठी मिरगुल स्वतः तिथे हवी. पंधरा तारखेआधी.

म्हणजे तिला आणावंच लागेल. शेजारणीला पाठवू नकोस. बेक्तुरला फोन करायला लावू नकोस. पैसे वाचवायचे पन्नास उपाय मी तुला लिहिले, पण मीटर कोणाच्या नावावर आहे हे साधं विचारलं नाही, म्हणून अर्धी चूक माझी. उरलेली अर्धी तुझी आहे आणि ती तुलाच पायांनी चालत जाऊन फेडायची आहे.

पत्र पोचलं की फोन कर. पैसे गेले तर जाऊ देत.

तुझा काळजीत पडलेला,
इशेनबेक


तेरेक-बुलाक
१३ नोव्हेंबर

चि. इशेनबेक यास एजेचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोन केला नाही. हे फोनवर सांगता आलं नसतं, मध्येच रडले असते.

गुरुवारी रोट्या बांधल्या, तिला द्यायला नवा पांढरा रुमाल घेतला आणि मिरगुलच्या माहेरी गेले. सासूनं स्वतः सुनेच्या दारात जायचं, हे आमच्या गावात कुणी पाहिलेलं नाही. बापानं आत बोलावलं, मानाच्या जागी बसवलं, पण चहा ओतला तो कपभर काठोकाठ. लवकर पिऊन निघा, असा त्याचा अर्थ. मी तो प्यायले नाही. त्याच्यासमोर सांगितलं की तुमच्या मुलीनं एक सोमही घेतलेला नाही, चूक माझी आहे आणि मी तिच्यावर चोरीचा आळ घेतला.

मिरगुल दाराशी उभी होती. तशीच मान खाली. मला वाटलं, आता ही येत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. मग दुसरं काय दाखवावं हे न सुचून मी माझी ती पावती तिच्या हातात दिली. तिनं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. आणि तोंडावर हात धरून जी हसायला लागली ती थांबेचना. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता रडू लागली, मग मीही. बाप गोंधळून एकदा हिच्याकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि कोट आणायला आत गेली. बापाला विचारलंसुद्धा नाही. परत आली तेव्हा माझा कप रिकामा करून तिनं पुन्हा भरला, या खेपेला अर्धाच. म्हणजे बसा, घाई नाही.

आज दोघी खिडकीवर गेलो. तुझी चिठ्ठी सरकवली. मुलीनं ती मोठ्यानं वाचली आणि आम्ही दोघींनी एकदमच जमिनीकडे बघितलं. बाकी भरली, वीज राहिली. मग मी म्हटलं की मीटरचं नाव बदलायचंय. अर्जाचा कागद आला. नवं नाव काय, तर मिरगुल काही बोलायच्या आत मीच सांगितलं, मिरगुल. मागच्या माणसांनाही ऐकू जाईल असं सांगितलं.

घरी येताना तिनं विचारलं की उद्या माझी सून आली तर ती खिडकीवर माझं नाव कसं घेईल. मी सांगितलं की ती घरात येईल त्याच दिवशी तिला तुझं नाव घ्यायला शिकव, आणि शिकवताना मला बोलाव, मलाही शिकायचं आहे.

आमच्या दोघींवर लोभ ठेव,
तुझी एजे
अनारकान