ब्लॅकआउट अजून चालू आहे

सुरत, रविवार

ती. स्व. शोभाताईंना,

वंदनाचा वाकून नमस्कार. (कमरेला पट्टा आहे, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढंच वाकले आहे, उरलेलं मनाने.) तुमची शुगर आणि भाऊजींची कुरकुर दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे तुमचे धाकटे बंधू खुशाल आहेत. इतके खुशाल ते आमच्या लग्नातही दिसले नव्हते, आणि हीच काळजीची गोष्ट आहे.

सीमेवर गडबड झाली तेव्हा सरकारने एका संध्याकाळी अर्धा तास दिवे बंद ठेवायला सांगितले होते, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. आमच्या सोसायटीने त्या अर्ध्या तासापुरतं यांना प्रमुख नेमलं, कारण निवृत्त माणूस म्हणजे रिकामा माणूस असा सगळ्यांचा समज. एक शिट्टी दिली, एक टॉर्च दिला आणि मीटरच्या खोलीची किल्ली दिली. अर्धा तास संपला, सरकारने आपले दिवे लावले, पुढे लढाईही थांबली. यांची मात्र थांबलेली नाही. ज्या माणसाने बँकेत साहेबांना विचारल्याशिवाय कधी पंख्याचं बटण दाबलं नाही, त्याच्या हाती अख्ख्या इमारतीची बटणं आली. कुणाचंही डोकं फिरेल. गच्चीला कुलूप लागलं. (वर माझे पापड वाळत होते. ते अजून देशाच्या ताब्यात आहेत.) पाहुण्यांनी रात्री नऊच्या आत यायचं असं ठरलं. सोसायटीच्या ग्रुपवर आता यांच्याशिवाय कुणी लिहायचं नाही. आमच्या निखिलने 'पप्पा, हे कधीपर्यंत?' एवढंच विचारलं, तर पोटच्या पोराला ग्रुपमधून काढून टाकलं. म्हणे अफवा पसरवतो. प्रश्नाची अफवा कशी होते ते मला अजून कळलेलं नाही.

हेही मी हसण्यावारी नेलं असतं, पण तळमजल्यावरच्या सुंदराचं काय? ती धुळ्याकडची. नवरा बन्सीलाल बमरोलीच्या मिलमध्ये, पण तिथे सध्या निम्मे दिवसच काम असतं, म्हणून ही साड्यांना खडे चिकटवून देते. दिवसा दोन घरचा स्वयंपाक, त्यामुळे खड्यांचं काम रात्री, ट्यूबलाइटखाली. तिची खिडकी रस्त्यावर उघडते, आणि यांच्या मते शत्रूला तिच्या ट्यूबलाइटवरून हजीऱ्याचा रस्ता सापडेल. (हजीऱ्याचे कारखाने स्वतःच रात्रभर लखलखतात. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, ती वरच्या पातळीवरची बाब आहे.) म्हणून रोज साडेआठला मीटरच्या खोलीत जातात आणि फक्त तिच्या घराचा स्विच पाडून येतात. तिने खिडकीला गोधडी बांधली, तर म्हणाले, गोधडीच्या आत काय चाललंय हे बाहेरून कसं कळणार? आता व्यापाऱ्याने तिला बजावलंय की यापुढे साड्या वेळेवर आल्या नाहीत तर काम दुसरीला देईन. ती मला काही बोलत नाही. जिन्यात भेटली की नुसती हसते, आणि मला कुठे तोंड लपवू असं होतं.

बाकी सगळे मात्र बोलतात. जो भेटेल तो माझ्याकडे तक्रार करतो, जणू मी वरचं कोर्ट. शेवटी मीच यांच्या मागे लागून आज सकाळी सभा भरवायला लावली. (निखिल आला नाही. ज्याला ग्रुपमधून काढलं त्याला सभेचा निरोप मिळणार कसा?) यांनी स्वतःच विषय मांडला, तेवढा नियमाला माणूस पक्का. म्हणाले, माझे अधिकार चालू राहावेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. आणि ताई, झाडून सगळे हात वर. पटेलकाकांच्या जावयाला नऊ वाजून गेले म्हणून फाटकाबाहेर ताटकळत ठेवलं होतं, तेच काका उठून म्हणाले, "दिलीपभाई छे तो आपणने शांति छे." सुंदराचाही हात वर. नंतर तिला गाठून विचारलं, तर म्हणाली, "काय करू माय, हात वर नही कया ते पानी बी बंद करी देतीन."

असो. उन्हाचं जपा. भाऊजींना नमस्कार सांगा, आणि पोरांना आशीर्वाद.

तुमची,
वंदना

ता. क. खरं काम राहिलंच. यांना पंधरा दिवस जळगावला बोलावून घ्या. आजारी आहे असं लिहू नका, डॉक्टरकडे जा म्हणतील. भीती वाटते असं लिहा. आई गेल्यावर तुम्हीच वाढवलंत त्यांना. तुम्हाला भीती वाटते म्हटल्यावर मिळेल त्या गाडीने येतील. फक्त मीटरच्या खोलीची किल्ली वंदनाकडे ठेवून ये, हे लिहायला विसरू नका.

ता. क. २ तुम्ही विचाराल, माझा हात कुठे होता. वर होता. काल संध्याकाळी शेजारच्या वरातीत मोठा फटाका वाजला. मी कणीक मळत होते. हे आतून धावत आले आणि खिडकीच्या आणि माझ्या मध्ये हात पसरून उभे राहिले. पाय लटलट कापत होते त्यांचे, मला दिसत होतं. फटाका आहे हे कळल्यावरही बराच वेळ बाजूला झाले नाहीत. आज सगळ्यांच्या देखत त्या माणसाविरुद्ध मला नाही जाता आलं. आता साडेआठ वाजून गेलेत. सुंदराकडे अंधार आहे, आणि मी वर दिवा लावून हे लिहिते आहे. पत्र मिळताच बोलवा.