गॅलरीतला फ्लॉक्स

आई, आज गॅलरीचं दार मी आतून लावून घेतलंय आणि वर त्याला खुर्चीही टेकवून ठेवलीय. मधमाशी काही कडी काढून आत येत नाही, हे मला कळतं. पण हात ऐकत नाहीत. तुझी नात आत अभ्यासाला बसलीय. तू तिला पाहिलं नाहीस. दहा वर्षांची आहे, नाक तुझं आहे आणि हट्टही तुझाच. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या मैदानावर तिला कानामागं मधमाशी चावली. दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ सुजले होते, आवाज बसला होता, आणि रिक्षात ती माझ्या मांडीवर श्वास ओढत होती. तो श्वास मला अजून भांडी घासताना ऐकू येतो. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं, इंजेक्शन कायम जवळ ठेवा. तेव्हापासून मी घरातल्या घरात पर्स खांद्याला लावून फिरते. शेजारीण चेष्टा करते, "काय हो, स्वयंपाकघरात चाललात की गावाला?" मी हसून घेते.

आणि अशा घरात फ्लॉक्स फुललाय. तो तिनं हे सगळं व्हायच्या आधी पेरला होता. तू पत्र्याच्या डब्यात लावलेल्या फ्लॉक्सवर फुलपाखरं यायची, हे मीच तिला सांगितलं होतं. आम्ही चऱ्होलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, समोर अजून दोन इमारती उठतायत, सगळीकडे सिमेंटची धूळ. इथं कुठली फुलपाखरं, असं मला वाटलं होतं. पण रोपं तगली, गुलाबी-पांढरे झुबके आले आणि फुलपाखरंही आली. गॅलरीत एकटीनं जायचं नाही, एवढाच नियम मी केला. तिचे बाबा परवा चाकणला सेकंड शिफ्टला निघताना बूट घालता घालता म्हणाले, "त्या कुंड्या काढून टाक गं. जिवाशी खेळ नको." ही लगेच पुढं. "बाबा, या फुलाची नळी लांब असते. फुलपाखराची सोंड पोचते, मधमाशीची नाही पोचत." ते म्हणाले, "आणि एखादी नुसती बघायला आली म्हणजे?" ती गॅलरीच्या दारात आडवी उभी राहिली. कुंड्या टाकायला माझंही मन धजलं नाही.

भोसरीच्या चाळीत तुझा फ्लॉक्स ऑइलच्या पत्र्याच्या डब्यात होता. वर्कशॉपमधून तू यायचीस ती रबराच्या वॉशरनं बोटं काळी करून, आणि स्वयंपाकाला लागायच्या आधी चहा घेऊन त्या डब्यापाशी उभी राहायचीस. ती वेळ तुझी एकटीची होती, तिथं आम्ही मागणं घेऊन आलेलं तुला चालायचं नाही. एकदा मधमाशी तुझ्या मनगटावर येऊन बसते. मी किंचाळून टॉवेल उगारते, आणि तू माझ्यावरच ओरडतेस, "हालू नको! हात झाडू नको. तिचं काम करलालीय ती, करू दे." लातूर सोडून इतकी वर्षं झाली तरी रागात तुझी बोली जशीच्या तशी यायची. मी टॉवेल खाली केला. माशी तुझ्या मनगटावरून चालत होती, तू पुतळ्यासारखी उभी, आणि हातातल्या बशीत कप किणकिण वाजत होता. मग ती उडाली. तू चहा संपवलास आणि कणीक भिजवायला गेलीस. त्या दिवसापासून मी धरून चालले की आई कशालाच भीत नाही. तुझं ऑपरेशन ठरलं तेव्हाही तू आम्हालाच हसत होतीस. तू गेलीस, त्यानंतर माझी प्रत्येक भीती मी तुझ्याशेजारी उभी करून पाहिली आणि स्वतःला भित्री म्हणत आले.

आज शाळेतून आल्यावर तिनं हाक मारली, "आई, ये ना. हळू ये." पिवळं फुलपाखरू झुबक्यावर बसलं होतं. दोघी दारातून बाहेर आलो, आणि तेवढ्यात मधमाशी आली. फुलांवर थोडी भिरभिरली आणि सरळ माझ्या मनगटावर बसली. लेक मला खेटून उभी. तिला आत ढकलायचं, दार ओढायचं, सगळं ठाऊक होतं मला. पर्स नेमकी पलंगावर राहिली होती. आई, यातलं मला काहीच जमलं नाही. हात हलेना. ती मनगटावरून बोटांपर्यंत चालत गेली आणि उडाली. लेकीनं मला मिठी मारली. "तू किती धीट आहेस गं! जरासुद्धा हलली नाहीस." मी हसले. तिला आत घेतलं, दार लावलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

मग चहा केला. कपबशी उचलली तर बशीत किणकिण. दोन्ही हातांनी धरली तरी थांबेना. तो आवाज ऐकत मी ओट्यापाशीच खाली बसले. तुझ्या बशीतला तो आवाज एवढी वर्षं कानात होता, आणि तो कशाचा होता हे मी तुला कधी विचारलं नाही.

उद्या कुंड्या खाली कंपाउंडच्या भिंतीशी नेऊन ठेवणार आहे. तिथली फुलं तिला खिडकीच्या काचेतून दिसतील. ती भांडेल, म्हणेल, तू तर घाबरत नाहीस, मग का? तेव्हा मला हसून भागवायचं नाहीये. आई, मी घाबरते. फार घाबरते. हे तिला तोंडावर सांगायचंय, म्हणून आधी तुला सांगून बघितलं.