लेग्नित्सातली मागची खोली

२० डिसेंबर
पोचले एकदाची! आम्हा जर्मनांचं, आजीचं लीग्नित्स, आता पोलंडचं लेग्नित्सा. आजी जन्मली त्याच घरात ब्रोनिस्लावाबाईंनी मला मागची खोली भाड्यानं दिलीय. खोली छोटी, उबदार. दाराला कडी मात्र बाहेरूनच. बाई म्हणाल्या, जुनं घर आहे बाळा, लक्ष देऊ नकोस, आधी सूप पी. बीटाचं होतं, दोनदा मागून घेतलं.
उद्यापासून पणजीची कबर शोधायची. ओटिलिए तिचं नाव. महायुद्धाच्या शेवटी रशियन फौजा आल्या, तेव्हा आईला नीट पुरूनच आम्ही पळालो, असं आजी सांगायची. माझ्या आईला त्या कबरीची मूठभर माती हवीय.

२२ डिसेंबर
डोकं फिरलंय. जर्मन कबरस्तानावर यांनी बाग केलीय. माझी पणजी खाली आणि वर लोक कुत्री फिरवतायत. घरी येऊन बाईंना वाट्टेल ते बोलले. त्या माशाचे खवले काढत राहिल्या. मग म्हणाल्या, आम्हा पोलिश लोकांनाही रशियनांनी आमच्या ल्वूफ शहरातून असंच हाकललं, आमच्या कबरी कोण बघतंय?

२४ डिसेंबर
नाताळची संध्याकाळ. अवचित पाहुण्यासाठी एक ताट रिकामं मांडायची यांची रीत. मला सणकच आली. म्हटलं, पाहुणा कशाला, माझ्या पणजीला वाढा, तिची कबर गिळलीत ना? आणि मुद्दाम नाव घेऊन बोलावलं, ओटिलिए, ये, तुझी माणसं आलीत.
बाई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, ते ताट तिचंच असतं गं, पण या घरात तिचं नाव कोणी घेत नाही. पंचेचाळीसमध्ये त्यांची आई इथे राहायला आली, तेव्हा मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत दाराशी पांगळी म्हातारी मरून पडलेली; तिच्या कागदांवर नाव ओटिलिए. दारावर नखांचे ओरखडे. बाईंच्या आईनंच तिला अंगणात पुरलं.
म्हणजे आजीनं जिवंत आईला कोंडून — खोटारडी.

२५ डिसेंबर
बाई लेकीकडे गेल्या. तूही चल, एकटी राहू नकोस, म्हणाल्या. मी घुश्शात होते, नाही गेले. आजीचा फोटो फाडला. अंगणातली माती खरवडून डबीत भरली.

२६ डिसेंबर
डबी रिकामी. माती त्या ताटात. त्यात बोटं फिरल्याच्या खुणा —

२७ डिसेंबर
भरदुपारी स्वैपाकघरात ताटावर चमचा घासतोय. फोन तिथेच राहिला, मी मागच्या खोलीत. मी ओरडले, मी नव्हते तिथं, मी जन्मलेही नव्हते —
थांबला.
फरपटत येतंय. दारापर्यंत —
कडी लागली. बाहेरून.
दात खात बोलतेय. आमच्याच जर्मन भाषेत. आजी तेव्हा तिला जे सांगून गेली असेल तेच — पडून राहा हं, आम्ही लगेच परत