निळ्या स्प्रूसच्या मुळाशी बर्फ

पपा, आज मागच्या अंगणातल्या निळ्या स्प्रूसवर हात फिरवला आणि तुम्ही आठवलात. लग्नानंतर या परदेशातल्या थंड गावात आल्यावर मी लावलेलं हे सूचिपर्णी झाड. भर उन्हात, पाणी तुंबत नाही अशा उतारावर उभं आहे. हिवाळ्यात बर्फाखाली गप्प झोपतं आणि थंडी सरली की कोवळे निळसर शेंडे काढतं. मी त्याचं काहीच करत नाही. याचाच मला राग येतो.

मस्कतला अल् खुवैरच्या बंगल्यात तुम्ही माळी होतात आणि मी जवळच्या कंपनीत टायपिस्ट. नव्वदच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात तुमच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, परदेशातून कुंडीत असंच झाड आणलं. दोन महिन्यांसाठी बाहेरगावी जाताना म्हणाला, "इसको जिंदा रखो, व्हिसा रिन्यू होगा, इन्शाल्ला." वसईच्या वाडीत केळी आणि मोगरा वाढवलेले तुम्ही. थंडीचं झाड म्हणजे थंडावा दिला की झालं, असं तुम्हाला वाटलं. एसीच्या खोलीत ठेवलंत. तेवढ्यानं समाधान होईना, तेव्हा मासळी बाजारातून बर्फाची लादी आणून, फोडून, गोणपाटात बांधून मुळाशी ठेवू लागलात. मी चिडले, "पपा, ते झाड आहे, सुरमई नाही." तुम्ही हसलात. "बाय, मस्करी नको. झाड गेलं तर आपण पण खलास." तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी ऑफिसातून आले की रोज विचारायचात, "बघ गो, हिरवं हाय ना?" मी म्हणायची, "हो, पपा."

अर्बाब परतला, त्यानं फांदीला बोट लावलं आणि पानं फरशीवर झरझर गळाली. तो रागावलासुद्धा नाही. पानं तुम्हीच झाडलीत. व्हिसा संपला, तुम्ही वसईला गेलात आणि वर्षभरात वारलात. इथली शेजारीण सांगते, याला खरा हिवाळा लागतो, बंद खोलीत ते जगत नाही आणि मुळाशी पाणी साचलं तर कुजतं. म्हणजे तुमचाच बर्फ वितळून मुळांत साचत होता. हे कुणाला सांगू?

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहिते. पहिल्याच महिन्यात, तुम्ही बर्फ आणायला गेला असताना, मी नखानं साल खरवडून पाहिली होती. आत तपकिरी, कोरडं. हे झाड मेल्यावरही बरेच दिवस रंग सोडत नाही, म्हणून मला खोटं निभावता आलं. त्यानंतरही तुम्ही लाद्या खांद्यावरून वाहत राहिलात आणि मी बघत राहिले. आजही तुम्ही विचारलंत, तर हिरवंच म्हणेन.