वारुण्णीचेट्टनवर मी खेकसले

चि. ब्रिजित हिस,

ईशोची स्तुती असो, आणि इरिंजालकुडाहून तुझ्या ताईचे, एलिकुट्टीचेचीचे, पोटभर आशीर्वाद. दोहाला ऊन मी म्हणत असेल. बाहेरून आल्या आल्या फ्रिजचं पाणी पिऊ नकोस, तुझा घसा लहानपणापासून नाजूक. नवरोबा जोसची तब्येत बरी आहे ना? इकडे फणस इतके लागलेत की शेजारी आता आम्हाला पाहून दार लावून घेतात.

तर माझ्या डोक्याला चुंबक लावायचं प्रकरण. फोनवर सांगायला घेतलं की आमचे हे, वारुण्णीचेट्टन, मागून दुरुस्त्या करतात, म्हणून लिहिते. या खेपेचं उदासीचं दुखणं (तिसरी खेप, आणि तिन्हींत हीच सर्वांत दांडगी) तुला अर्धमुर्धंच ठाऊक आहे. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी चिंचेखाली धूळ खात पडली, शिकायला येणाऱ्या बायका परत गेल्या, आणि मी भिंतीकडे तोंड करून निजलेली. अंघोळ म्हणजे डोंगर. औषधं बदलून झाली, वाढवून झाली. एक दिवस चेट्टननी विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. म्हणाले, मांजरं पडतात. आपल्या विहिरीत आजवर एकही मांजर पडलेलं नाही. 

मग त्रिशूरच्या डॉक्टरीणबाईंनी हा उपाय काढला. मेंदूचा एक भाग सुस्तावतो, त्याला बाहेरून चुंबकाचे ठोके देऊन जागं करायचं. शॉक नाही, भूल नाही, खुर्चीत टक्क जागं बसायचं. मात्र आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे. गुण सगळ्यांनाच येतो असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. शेजारची कुंजन्नम हे ऐकून धावतच आली आणि माझं सोनं सांभाळायला मागू लागली. चुंबक सोनं ओढत नाही गं, असं चेट्टन म्हणाले, तर म्हणते, "ओढत नसेल, पण माझ्याकडे ठेवलं तर बिघडलं कुठे?"

आता खरी गंमत ऐक. ते यंत्र चालवणारी मुलगी कोण निघावी? शबना! माझ्याकडे गाडी शिकत होती ती. डावीकडे म्हटलं की उजवीकडे वळायची आणि एकदा तर थेट मासळीवाल्याच्या टोपलीत वळली. आणि माझे ठोके द्यायचे होते डोक्याच्या डाव्या बाजूला. ती म्हणाली, "चेची, घाबरू नका, इथे खुणा करून ठेवतात." आधी तिने नेमकी जागा शोधायला ठोके दिले, तर माझा अंगठा आपोआप टुणकन उडाला, मला न विचारता. मग टोपी, कानात बोळे आणि सुतारपक्षी बसल्यासारखी टकटक. भुवई फडफडायची, दुपारी डोकं ठणकायचं. पण ब्रिजित, सांगायचं ते वेगळंच. यात विनोद आहे हे मला तेव्हाही दिसत होतं. नुसतं दिसत होतं. काचेपलीकडच्या हलव्यासारखं.

सुरुवातीला रिक्षाने गेलो. बसमधली माणसं मला सोसवत नव्हती. मग चेट्टननी ठरवलं की गाडी आपणच चालवायची. ज्या शिंप्याने लग्नापासून "घरात एक ड्रायव्हर पुरे" म्हणून स्टिअरिंगला बोट लावलं नाही, तो माणूस दुकान बंद करून माझ्या मदतनीस सुधाकडे मैदानात धडे घेऊ लागला. शिकाऊ परवाना मिळाला. शेजारी परवानेवालं माणूस बसायला हवं, ते मी (कायद्याला परवाना दिसतो, माणूस कुठे दिसतं). मी दगडासारखी बसायची. ते दुचाकीवाल्यांच्या शिव्या खात मला नेत आणि आणत.

असेच एकदा परतताना रेल्वे फाटक उघडलं आणि चढावर गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा धक्का, पुन्हा बंद. मागे बस कोकलत होती. तेवढ्यात कोणीतरी जोरात खेकसलं, "अहो, क्लच हळू सोडा! शिलाई मशीन आहे का ती? आणि आरसा काय भांग पाडायला लावलाय?" आवाज ओळखीचा वाटला. माझाच होता. सुटलेलं तोंड मग थांबेना. फाटक ओलांडून केळीवाल्यापाशी गाडी लागेपर्यंत मी त्यांच्या गिअरपासून त्यांच्या आतेभावापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला.

चेट्टननी इंजिन बंद केलं, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडायला लागले. कपाळ नेमकं भोंग्यावर. भोंगा वाजतोय, माणूस रडतोय, लोक जमले. केळीवाला मला म्हणाला, "अहो चेची, म्हाताऱ्याला इतकं कशाला बोलता?" चेट्टननी डोकं वर केलं. "बोलू दे तिला," म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस."

त्याच दिवशी लख्ख उजाडलं असं समजू नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधार होता. मग थोडं कमी, मग मध्येच जास्त, असं रखडत रखडत बरं वाटू लागलं. आता उकडलेल्या कप्प्याच्या कंदाला आणि माशांच्या मीनकरीला चव लागते. दोन बायकांना शिकवायला घेतलंय. गोळ्या चालू आहेत. हे दुखणं परत येऊ शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आलं तर पुन्हा शबनाच्या खुर्चीत बसेन.

जोसला आशीर्वाद सांग. चेट्टन तुझी आठवण काढतात.

तुझी,
एलिकुट्टीचेची

ता. क. चेट्टन परीक्षेत नापास झाले. साहेबाला म्हणाले, बायको शेजारी बसून ओरडत नसेल तर मला गाडी येत नाही.

ता. क. आणखी एक. खरं तर यासाठीच लिहायला बसले आणि इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत राहिले. जोसचा फोन आला होता. तू सकाळी उठत नाहीस, चर्चला जात नाहीस, स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहतेस, असं म्हणाला. विचारलं की म्हणतेस, डोकं दुखतंय. अम्मा मागच्या खोलीत महिनोन्‌महिने पडून असायची तेव्हा आपल्याला काय सांगायची, आठवतंय? इकडे ये, नाहीतर तिथेच डॉक्टरला दाखव. चुंबकच लागेल असं नाही, गोळ्यांनी भागेल, नाहीतर नुसतं बोलून भागेल. जोसवर रागावू नकोस, त्याने घाबरून सांगितलं. पण डोकं दुखतंय असं मात्र म्हणू नकोस, मोळे, माझ्या पोरी. आपल्या घरात ते एकीनं जन्मभर म्हटलंय, तेवढं पुरे.