सकाळ-संध्याकाळ पेज

रियाध, गुरुवार, नोव्हेंबर २००६

सुहास म्हणतो, शनिवारी रेवाला शाळेत पाठवायचंच, युनिट टेस्ट आहे. टायफॉइडचा ताप उतरला, म्हणजे खलास! पोरगी अजून भिंत धरून बाथरूमला जाते, ते दिसत नाही का याला?

लहानपणी आईलाही टायफॉइड झाला होता. तेव्हा गुहागरच्या डॉक्टरांनी आजोबांना लिहिलेलं पत्र आईने जपलंय. त्याची झेरॉक्स तिने इकडे येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवली. 'ताप उतरला म्हणजे दुखणे गेले असे समजू नये. सकाळ-संध्याकाळ पेज.' रेवाने ते वाचलं आणि सायन्सचं पुस्तक घेऊन आली. "मम्मी, सुबह-शाम कौन-सा पेज?"

सुहास खो खो हसला. "बघ, तुझे डॉक्टरही अभ्यासच सांगतायत!"

हसू दे. कोकणातल्या पोरीला पेज माहीत नाही, यात हसण्यासारखं काय आहे?

मी तांदूळ मऊ शिजवले, मीठ-तूप घातलं. पत्र आल्यापासून इतके दिवस ती पेज गुमान पीत होती. आज वाटी ढकलून ओरडली, "धिस इज ग्लू! तूच पी!" मी रागावलेच नाही. उलट भरून आलं. कारण पत्राची शेवटची ओळ आहे, 'पोर भांडू लागली की शाळेत धाडावी.'

ही ओळ सुहासला वाचून दाखवलेली नाही. दाखवणारही नाही. शनिवारी रेवा घरीच राहील आणि पेजच पिईल.

डॉक्टर, तुमचं सगळं ऐकलं. एवढं एक नाही ऐकणार.